रविवारची गोळी

माझ्या औषधांच्या डब्यातल्या स्ट्रिप्सवरची नावं कुणी फोनवर शोधली, तर पाच मिनिटांत त्याचं मत होईल की हिला कॅन्सर आहे, मलेरिया आहे आणि बहुतेक हिला दिवसही गेलेत. गोळ्या तीनच होत्या. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि फॉलिक अ‍ॅसिड. आणि मला या तिन्हींपैकी काहीही नव्हतं.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. मराठीत आपण संधिवात म्हणून मोकळे होतो, पण तो शब्द उच्चारला की समोरच्याला गुडघ्याला तेल चोळत बसलेली आजी दिसते. माझ्या प्रकारात सांधे वयामुळे झिजत नाहीत. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. २०१९ साली मी चोवीस वर्षांची होते. सकाळी उठले की दोन्ही हातांची बोटं तासभर वळायची नाहीत. बाटलीचं झाकण उघडेना, ब्राचा हूक लागेना, लोकलमध्ये वरची कडी धरली की मनगटातून कळ जायची. आई म्हणाली, मोबाइल जास्त होतोय. ऑफिसमधली म्हणाली, बी ट्वेल्व्ह कमी असेल. शेवटी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं, हातांचे एक्सरे काढले आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर पहिलंच नाव लिहिलं मेथोट्रेक्सेट. त्याच्यापुढे त्यांनी इंग्रजीत 'रविवार' लिहिलं, त्याला दोनदा गोल केला आणि मला ते मोठ्याने वाचायला लावलं.

साडेसात मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री जेवल्यावर. सोमवारी आणि मंगळवारी फॉलिक अ‍ॅसिड. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन रोज.

हॉस्पिटलमधून बाहेर पडून मी रस्त्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, सभ्य आवाजात विचारलं, "पेशंट टाटाचा आहे का?"

त्याची काही चूक नव्हती. त्या भागात हा प्रश्न रोज विचारला जातो. परळला ज्यांचं जाणंयेणं आहे त्यांना माहीत असेल, चालत दहा मिनिटांच्या आत तिथे मुंबईतली किती दुखणी एकत्र राहतात. फुटपाथवर मास्क लावलेली, केस गेलेली लहान मुलं आणि त्यांच्या बाजूला पिशवीत फाइली घेतलेले आईबाप. टाटा मेमोरियलमध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलाला जे औषध मिळतं, तेच मी पलीकडच्या इमारतीतून बोटांसाठी घेऊन निघाले होते. नाव तेच, रेणू तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही मेथोट्रेक्सेट दोन ठिकाणी सापडतं, एकदा कॅन्सरच्या औषधांत आणि एकदा सांध्यांच्या आजारांत.

त्या रात्री मी झोपले नाही. फोनवर वाचत राहिले. तुम्हीही असंच करता, मला माहीत आहे. औषधाचं नाव टाकायचं, पहिला निकाल उघडायचा, दुष्परिणामांच्या यादीपर्यंत खाली सरकायचं आणि मग स्वतःचे केस ओढून बघायचे, गळतायत का. पण दोनेक आठवड्यांनी, पहिली धास्ती ओसरल्यावर, मी त्या यादीच्या मागे गेले. हे औषध आलं कुठून? एकाच रेणूला कॅन्सरही कळतो आणि माझी बोटंही कळतात, हे कसं? त्याचं उत्तर शोधताना मी फिरून पुन्हा परळलाच येऊन पोचले.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. तेव्हा ती चाळीस वर्षांची होती. काम होतं गरोदर बायकांमधल्या एका भयंकर ॲनिमियाचं. मुंबईतल्या गरीब बायका, त्यांत गिरणीत काम करणाऱ्याही, गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत आणि बाळंतपणात दगावत. साध्या लोहाच्या कमतरतेसारखं हे प्रकरण नव्हतं; रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि अर्धवट तयार झालेल्या दिसत. विल्स हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होती. परळमध्येच. तिने या बायका काय खातात ते पाहिलं, तसंच निकृष्ट अन्न उंदरांना आणि मग माकडांना देऊन पाहिलं. शेवटी ज्या गोष्टीने गुण आला ती होती मार्माइट, म्हणजे बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा काळपट, खारट, स्वस्त अर्क. ब्रिटिश लोक तो पावाला लावून खातात. (मी एकदा चाखलाय. आजारी असल्याशिवाय खाऊ नये असं माझं मत.) १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. यीस्टमध्ये नेमकं काय आहे ते तिला सांगता येत नव्हतं, म्हणून पुढे त्या अज्ञात घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हणत.

१९४१ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी चार टन पालकातून असाच एक पदार्थ वेगळा केला आणि पानाला असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव दिलं. आज सरकारी दवाखान्यातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या हातात पडणारी गोळी ती हीच. लोहाच्या जोडीला असते ती.

शरीराला फॉलेट लागतं ते नवीन पेशी बनवायला. पेशी दोन व्हायच्या आधी तिला आपल्या डीएनएची नक्कल काढावी लागते आणि त्या कामाचा कच्चा माल फॉलेटशिवाय तयार होत नाही. म्हणून फॉलेट कमी पडलं की सगळ्यात आधी जिथे पेशी भराभर बनतात तिथे बोंब होते. रक्तात, तोंडाच्या आतल्या त्वचेत, आतड्याच्या अस्तरात. आणि गर्भात.

आता उलटा विचार करा. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. त्यांचं फॉलेट तोडलं तर?

बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये सिडनी फार्बर यांनी आधी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिडसारखी संयुगं देऊन पाहिली होती आणि त्यांना आजार उलट वेगाने वाढताना दिसला. मग त्यांनी फॉलेटची वाट अडवणारं औषध मागवलं. ते बनत होतं लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत आणि तिथलं संशोधन चालवत होते येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचा माणूस, मद्रासला डॉक्टरी शिकून १९२०च्या दशकात अमेरिकेला गेलेला. फॉलिक अ‍ॅसिड कारखान्यात बनवण्याच्या कामातही त्यांच्याच चमूचा हात होता. म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच घरात. फॉलिक अ‍ॅसिडसारखाच दिसणारा, थोडासा फेरफार केलेला रेणू. पेशी त्याला फॉलेट समजून आत घेते आणि तो आत जाऊन एन्झाइमला चिकटून बसतो. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी सोळा मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या दहा मुलांमध्ये सुधारणा दिसली होती. ती टिकली नाही, आजार परतला, पण तोवर या आजारावर औषधाने सुधारणा होऊ शकते हेच कुणाला माहीत नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. फार्बर यांनी वापरलेलं औषध अमिनोप्टेरिन. त्याचंच जरा सौम्य भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट.

मला हे वाचून काय वाटलं ते सांगते. माझ्या डब्यात रविवारची गोळी आणि सोमवारची गोळी शेजारीशेजारी होत्या. रविवारची गोळी फॉलेट अडवते. सोमवारची गोळी म्हणजे फॉलेटच. एक परळच्या गरोदर बायकांच्या रक्तातून सुरू झालेली, दुसरी तिचीच नक्कल करून बनवलेली. दोन्ही पिवळ्या, दोन्ही चिमुकल्या. मी कितीतरी वेळा हाफकिनच्या भिंतीजवळून चालत गेले होते. गूगलने २०१९च्या १० मे रोजी ल्युसी विल्सचं डूडल लावलं होतं, तेही मी पाहिलं असणार आणि पुढे सरकवलं असणार.

पण मग माझी बोटं? ती काही भराभर वाढत नव्हती.

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे जुना तर्क कोलमडतो. १९५१ साली न्यूयॉर्कमध्ये गुबनर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनोप्टेरिन संधिवाताच्या रुग्णांना दिलं. सूज उतरली. औषध बंद केलं की परत आली. सोरायसिसचे चट्टेही गेले. एवढं होऊनही संधिवाताच्या बाबतीत तो शोध जवळपास तीस वर्षं पडून राहिला. कारण त्याच सुमारास कॉर्टिसोन आलं होतं. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालू लागली, १९५०चं नोबेल त्याला मिळालं आणि सगळ्या डॉक्टरांचे डोळे तिकडे लागले. स्टेरॉइडची खरी किंमत कळायला वेळ लागला. शिवाय ज्या आजाराने माणूस लगेच मरत नाही, त्याला कॅन्सरचं औषध द्यायचं कसं, ही भीती होतीच. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मान्यता मिळाली आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी १९८८ मध्ये. मधल्या काळात ज्यांची बोटं वाकडी होऊन गेली, त्यांना फक्त एका नावाच्या भीतीने हे औषध मिळालं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या भीतीचा वाटा होता.

मात्रेतला फरक बघा. हाडाच्या एका कॅन्सरमध्ये, ऑस्टिओसारकोमामध्ये, मेथोट्रेक्सेट शिरेतून देतात. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला बारा ग्रॅम. माझ्या अंगाचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरलं तर अठरा ग्रॅम. मी रविवारी घेत होते पंधरा मिलिग्रॅम. बाराशे पटींचा फरक. तिकडे एवढी मात्रा दिल्यावर ठरलेल्या वेळी उतारा द्यावा लागतो, नाहीतर औषधच माणसाला संपवेल. माझ्या मात्रेत पेशींची उपासमार हा मुख्य मुद्दाच राहत नाही. इतक्या कमी प्रमाणात हे औषध पेशींना अडिनोसिन नावाचा पदार्थ जास्त सोडायला लावतं आणि तो दाह शांत करतो, असं आज बहुतेक संशोधक मानतात. याची एक घरगुती साक्ष माझ्याच डब्यात होती. गोळी जर फक्त फॉलेट तोडून काम करत असती, तर सोमवारी फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यावर तिचा गुण निघून गेला असता. तसं होत नाही. मळमळ कमी होते, तोंड येत नाही, यकृताला त्रास कमी होतो आणि बोटं मात्र बरी राहतात.

म्हणजे एकच रेणू, आणि मात्रा बदलली की तो जणू दुसरंच काम करायला लागतो. आपण गोळ्यांना आजाराच्या नावाने हाक मारतो. बीपीची गोळी, शुगरची गोळी, डोक्याची गोळी. घरात सोय होते त्याने. पण गोळीला आजार माहीत नसतो. ती पोटातून रक्तात जाते, तिला बसायला जागा मिळेल तिथे बसते, आणि ती जागा किती आजारांच्या वाटेवर आहे यावर तिचे उपयोग ठरतात.

माझी रूममेट मेटफॉर्मिन घेते. तिला पीसीओएस आहे, पाळी चार चार महिने येत नव्हती. सुट्टीत घरी गेली तेव्हा तिच्या आईने स्ट्रिप पाहिली आणि घरात एकदम सुतक पसरलं. पोरीला पंचविशीत डायबिटीस! वडिलांनी तिच्या चहातली साखर बंद केली. ती सांगत राहिली की शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, त्याचा परिणाम बीजकोशांवर होतो, म्हणून गोळी. आई म्हणाली, "अगं पण गोळी शुगरचीच ना? आपल्या काकांनाही हीच आहे." यावर काय बोलणार? गोळी काकांचीच होती.

माझ्या घरी हे जरा जास्त तापलं. लग्न ठरत होतं. मुलाला मी दुसऱ्याच भेटीत सगळं सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि विषय तिथे संपला. त्याने घरी सांगितलं, औषधाच्या नावासकट. तिथे त्याच्या आत्यांनी नाव फोनवर टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा माझ्या आईला फोन. "ताई, राग मानू नका. आमचा एकुलता एक भाचा आहे. मुलीला नक्की काय झालंय ते खरं सांगा. औषध कॅन्सरचं चालू आहे आणि तुम्ही वात म्हणताय."

आई रडली नाही, भांडलीही नाही. तिने माझी फाइल पिशवीत घातली, ठाणे गाठलं आणि आत्यांच्या डायनिंग टेबलावर एकेक कागद मांडला. आर ए फॅक्टर, ईएसआर, एक्सरे. त्या बिचाऱ्यांना त्यातलं काही कळलं नाही, आईलाही फारसं कळत नव्हतं. शेवटी आई म्हणाली, "आत्याबाई, डिंक बाळंतिणीलाही देतात आणि पाकीट चिकटवायलाही वापरतात. म्हणून बाळंतीण काय पाकीट झाली?" वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही उपमा अगदीच लंगडी आहे. खाण्याचा डिंक वेगळा, चिकटवण्याचा वेगळा, हेही आईला माहीत होतं. पण आत्या हसल्या. लग्न झालं. आज आत्या मला दर रविवारी रात्री मेसेज करतात, 'गोळी घेतलीस का ग'.

नावाची भीती फोल आहे असं सांगून मी इथे थांबले असते, तर लेख सोपा झाला असता. पण ओपीडीतल्या एका मावशींना मी विसरू शकत नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून आलेल्या, पन्नाशीच्या. तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. पाणी प्यायचं म्हणून पदर काढला तेव्हा दिसलं, ओठांपासून आतपर्यंत सगळं सोललेलं. त्यांना बोलता येत नव्हतं, मुलगा सांगत होता. गावाकडे डॉक्टरांनी वाताची गोळी म्हणून मेथोट्रेक्सेट दिलं. दुकानदाराने स्ट्रिप कापून दिली, कापताना नाव गेलं आणि पुडीवर लिहून दिलं, 'रोज १'. बीपीची गोळी रोज असते, थायरॉइडची रोज असते, वाताचीही रोज असेल, असं सगळ्यांनीच धरून घेतलं. नऊ दिवस. पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की त्यांना तिथूनच वॉर्डात नेलं. पुढे काय झालं मला माहीत नाही. पुढच्या वेळी मी त्यांना शोधलं, पण त्या दिसल्या नाहीत.

आठवड्याची गोळी रोज घेतल्याने जगभरात माणसं मेली आहेत. माझ्या डॉक्टरांनी 'रविवार'ला दोनदा गोल का केला होता ते मला त्या दिवशी कळलं. मावशींच्या शरीरात त्या नऊ दिवसांत 'वाताचं औषध' हळूहळू 'कॅन्सरचं औषध' होत गेलं होतं. पुडीवर दोन शब्द जास्त लिहिले असते तर झालं असतं. तुमच्या घरात कुणी हे औषध घेत असेल तर वार ठरवा, डब्यावर मराठीत लिहा, दर काही आठवड्यांनी रक्त तपासा, दारू लांब ठेवा. आणि स्ट्रिप कापून नाव गायब करणाऱ्या दुकानदाराकडून ती पूर्ण मागून घ्या.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची गंमत मार्च २०२०ला झाली. मूळ मलेरियाच्या घराण्यातलं औषध. दुसऱ्या महायुद्धात मलेरिया टाळायला त्याच्या जुन्या नातेवाईक गोळ्या खाणाऱ्या सैनिकांचं सांधेदुखणं आणि त्वचेवरचे चट्टे कमी झाले, त्यावरून ते आमच्याकडे आलं. कोविड आला आणि अचानक जगाला वाटलं की हे त्यावरही चालेल. आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी घ्यायला सांगितलं, अमेरिकेच्या अध्यक्षांनी गुणगान केलं, आणि आमच्या सोसायटीतल्या ज्यांना साधी सर्दीही नव्हती त्यांनी दोन दोन स्ट्रिप्स घेऊन ठेवल्या. मी सहा मेडिकल हिंडले. सातव्याने विचारलं, "कोविड ड्युटीवर आहात का?" जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतून कळलं की हॉस्पिटलमधल्या कोविड रुग्णांना त्याचा काही फायदा नाही. एक गोळी चार आजारांवर चालते म्हणजे पाचव्यावर चालेलच असं नसतं. ते प्रत्येक वेळी नव्याने, रुग्णांवर नीट तपासूनच कळतं. तोवर माझी सकाळची बोटं परत आखडली होती.

आणि मग गेल्या वर्षी नाशिकहून मैत्रिणीचा फोन. शाळेपासूनची मैत्रीण. गर्भ राहिला होता, पण गर्भाशयाऐवजी नळीत. तो तिथे वाढू शकत नाही. वाढत गेला तर नळी फुटते आणि आतल्या आत रक्तस्राव होतो. लवकर लक्षात आलं होतं, म्हणून ऑपरेशन न करता इंजेक्शन दिलं. "औषधाचं नाव वाचलं मी," ती म्हणाली, "तू घेतेस तेच आहे ग."

तेच होतं. गर्भाभोवती वार तयार करणाऱ्या पेशी झपाट्याने वाढतात, त्यांना ते थांबवतं. १९५६ साली अमेरिकेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी याच पेशींपासून होणारा एक कॅन्सर, कोरिओकार्सिनोमा, मेथोट्रेक्सेटने बरा करून दाखवला होता. नळीतल्या गर्भासाठीचा उपचार त्याच रस्त्यावरचा, १९८०च्या दशकातला. मी तिला यातलं काहीच सांगितलं नाही. ती बराच वेळ रडत होती. मग म्हणाली, "नळी वाचली म्हणतात." मी फोन कानाला लावून नुसती बसले होते. माझ्यासाठी जे औषध रविवारचं एक काम होतं, ते तिच्यासाठी आयुष्यभर त्या एका दुपारचं नाव राहणार होतं.

अमेरिकेत जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं. त्यानंतर तिथल्या काही संधिवाताच्या बायकांना मेडिकलवाले मेथोट्रेक्सेट द्यायला कां कूं करू लागले, आजार कोणता ते लिहून आणा म्हणू लागले. वर्षानुवर्षं घेत असलेल्या गोळीचा एकदम संशय. मला ते वाचून आत्यांचा फोन आठवला. फरक एवढाच की आत्यांना फाइल दाखवता आली.

माझ्या बाबतीत हा मुद्दा आता प्रत्यक्ष आलाय. आम्हाला मूल हवंय. मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भ राहिला तर तो पडू शकतो किंवा बाळात व्यंग येऊ शकतं. म्हणून इतकी वर्षं मी गर्भनिरोधकाशिवाय एक महिनाही काढला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, गोळी बंद करायची, तीन महिने थांबायचं, मग प्रयत्न करायचा. मेथोट्रेक्सेटच्या जागी त्यांनी सल्फासलाझिन लिहून दिलं, ते गरोदरपणात चालतं. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या डॉक्टरने ते मुळात संधिवातासाठीच बनवून घेतलं होतं. पुढे आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसवर त्याचा उपयोग जास्त गाजला. त्यामुळे यावेळी मेडिकलवाला म्हणाला, "पोट बिघडलंय का मॅडम?" मी हो म्हटलं. प्रत्येकाला किती सांगत बसणार.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू राहणार आहे. आणि फॉलिक अ‍ॅसिड. मी विचारलं, ते तर मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करायला होतं ना, मग आता कशाला? डॉक्टर म्हणाले, "एक तर सल्फासलाझिन घेताना फॉलेट कमी पडतं. आणि आता तुम्हाला ते सगळ्या बायकांना देतात त्याच कारणासाठी हवंय. सोमवार-मंगळवार नाही, रोज घ्या."

बंद केल्याला पाच आठवडे झालेत. पहिले तीन काही जाणवलं नाही. परवापासून उजव्या हाताचं मधलं बोट सकाळी वळायला वीस मिनिटं लागतायत. नवरा न विचारता चहाचा कप कान माझ्याकडे करून ठेवतो. आईने फोनवर विचारलं, किती दुखतंय, दहापैकी सांग. मी तीन सांगितलं. खरं तर साडेचार. अजून सात आठवडे आहेत.